सगळ्यांत मागे गजभिये

मोटरसायकलींचा ताफा चालवणारा माणूस ताफ्याच्या पुढे असतो, अशी माझी भाबडी समजूत होती. गजभिये साहेबांनी ती पहिल्याच दिवशी मोडली. ते सगळ्यांत मागे असत आणि तिथून आम्हा दहा जणांना चालवत. गळ्यात शिट्टी. टाकीच्या बाजूला शिवून घेतलेल्या कातडी नळीत दोन झेंडे, एक हिरवा, एक तांबडा. शिट्टी आम्हाला ऐकू येत नसे, कारण मध्ये दहा इंजिने धडधडत असत. झेंडे दिसत नसत, कारण माणसाला पाठीला डोळे नसतात. हे मी त्यांना एकदा अदबीने सांगून पाहिले.

"आयकू येते का नाही हा तुमचा प्रश्न, लायब्ररी," ते म्हणाले. "वाजवणं माझी ड्युटी हाये."

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, म्हणून मी 'लायब्ररी'. ते माणसाला नावाने हाक मारत नसत, कामाने मारत. फरशांचे दुकान असलेला चोपडे त्यांच्या लेखी 'टाइल्स' होता. चोपडेला ते आवडत नसे. त्याने अलीकडेच फार महागडी परदेशी गाडी घेतली होती आणि आपल्याला निदान 'कॅप्टन' म्हणावे अशी त्याची अपेक्षा होती.

गजभिये साहेबांची सारी नोकरी मालगाडीचा गार्ड म्हणून गेली होती. इंजिनापासून अर्धा-पाऊण किलोमीटर मागे, शेवटच्या हलत्या खोलीत एकटे बसून, समोरच्या अठ्ठावन्न वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, जागेवर आहेत की नाहीत हे पाहण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी बुलेट दुरुस्त करून घेतली आणि आमच्या गटात आले. गट म्हणजे महिन्यातून एका रविवारी पहाटे नागपुरातून निघायचे, सातपुड्याच्या घाटांतून हिंडायचे आणि दिवस मावळायच्या आत घरी यायचे. आमच्यात शिस्त नव्हती, नियम नव्हते आणि एकमेकांची फारशी चौकशीही नव्हती. थोडक्यात आम्ही सुखात होतो. साहेबांना हे पाहवले नाही.

दोन महिन्यांत प्रत्येकाला नंबर मिळाला. चोपडे एक, मी सहा. माझ्यामागे सात म्हणजे इंगोले, एका शाळेत प्रयोगशाळा सहायक, जुन्या शंभर सीसीच्या गाडीवर येणारा, इतका हळू बोलणारा की चहा मागितला तरी टपरीवाला दोनदा विचारी. गार्डाला नंबर नसतो, असे साहेबांनी सांगितले. गार्ड मोजतो, त्याला मोजत नाहीत. आणि कोणी मागे राहिलाच तर त्याने जागा सोडायची नाही, गार्ड मोजून परत येतो, असा नियम होता.

मोजणी दर चाळीस किलोमीटरला. तिचा विधी असा. सगळ्यांनी रस्त्याच्या कडेला एका ओळीत थांबायचे. साहेब मागून एकेक नंबर पुकारीत, ज्याने त्याने "हजर" म्हणायचे. ही झाली कानाची मोजणी. मग ते गाडीवरून उतरत, हेल्मेट काढून आरशाला अडकवत, डोक्यावर टोपी घालत, आणि मागून पुढे चालत जाऊन प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटवर तळवा टेकवीत. ही हाताची मोजणी. मग तसेच मागे परत, टोपी काढायची, हेल्मेट घालायचे, आणि आम्हा कोणालाही न दिसणारा हिरवा झेंडा दाखवायचा. या सगळ्याला बारा मिनिटे लागत. चहाला त्यांनी आठ मिनिटे ठरवून दिली होती.

"कानानं मोजलं, मग हातानं काहून मोजता?" चोपडेने एकदा विचारले होते.

"आवाज खोटा असू शकते," साहेब म्हणाले. "सीट खोटी नसते."

साहेबांबरोबरच्या माझ्या पहिल्या राईडला आम्ही पहाटे मानकापूर चौकात जमलो होतो. साहेब टॉर्च घेऊन माझ्या गाडीमागे उकिडवे बसले आणि म्हणाले, "दाबा." मी ब्रेक दाबला. "सोडा." सोडला. "दाबा." मागचा दिवा लागत नव्हता. मी म्हटले, आता उजाडेलच, दिवसा दिव्याचे काय काम. साहेबांनी पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला, बल्ब काढला, आपल्याकडचा बसवला आणि पुन्हा म्हणाले, "दाबा." बल्ब बसवून झाल्यावर, तो लागतो हे दिसत असताना, त्यांनी माझ्याकडून किमान वीस वेळा ब्रेक दाबून घेतला. नऊ माणसे थंडीत उभी राहून मला बघत होती. आयुष्यात इतक्या निरर्थक कामासाठी इतका गंभीर प्रेक्षकवर्ग मला पुन्हा लाभला नाही.

तरी एका प्रसंगाबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. चोपडेच्या डोक्यात एकदा रस्ता सुरक्षेची राईड आली. राईड म्हणजे कळमेश्वरपर्यंत जाऊन पोहे खाणे, पण तिच्यासाठी त्याने चौकात मांडव घातला, एका स्थानिक पुढाऱ्याला बोलावले आणि शाल, श्रीफळ, मानचिन्ह अशी सगळी सामग्री जमवली. निघायची वेळ सहाची. पाहुणे पावणेसहाला आले आणि बोलू लागले. रस्ता सुरक्षेवरून ते युवकांवर आले, युवकांवरून राष्ट्रावर. सहा वाजले. साहेबांनी मांडवात शिट्टी फुंकली.

पाहुणे थांबले. साहेब म्हणाले, "टाइम झाला."

पाहुण्यांनी राष्ट्राचे भवितव्य दोन वाक्यांत आटोपले आणि हात पुढे केला. आता झेंडा दाखवायचा होता. साहेबांनी हिरवा झेंडा छातीशी धरला.

"हा देता येत नाही," ते म्हणाले. "हा ड्युटीचा हाये."

"साहेब, फोटोपुरता द्या ना गा," चोपडे कानाशी लागला.

"फोटोसाठी दुसरा पाहा."

शेवटी चोपडेने व्यासपीठावरच्या टेबलाचे हिरवे कापड ओढून काढले. पाहुण्यांनी ते हलवले. त्यावर चहाचा मोठा डाग होता. टाळ्या वाजल्या, कॅमेरे लखलखले आणि आम्ही दहाही जण जागच्या जागी उभे राहिलो, कारण मागून गजभिये साहेबांचा झेंडा अजून हलला नव्हता आणि एव्हाना आम्हाला तशी सवय लागली होती. साहेबांनी सावकाश हाताची मोजणी केली. पाहुणे टेबलाचे कापड हलवीत राहिले. सार्वजनिक जीवनात इतके उपयोगी काम त्यांनी आधी कधी केले असेल असे मला वाटत नाही.

पण असा आनंद वर्षातून एकदा. बाकी राईडला नुसता वैताग. घाटाच्या ऐन वळणावर, जिथे गाडी सोडायची नाही असे वाटते, नेमके तिथे चाळीस किलोमीटर पुरे होत. त्यांच्या पत्नी मालतीबाई मला एकदा म्हणाल्या, "तुमी महिन्यातून एक दिवस वैतागता, सर. मी लग्नातच समजली होती. वरात दारात आली, अन् नवरदेव कुठं, तं सगळ्याईच्या मांगं. म्हने, पाव्हणे मोजून राहिलो."

हे मोजण्याचे वेड कुठून आले, हे मी त्यांना विचारले होते. चहाची आठ मिनिटे चालू होती. त्यांनी घड्याळ पाहिले आणि सांगितले.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. मे महिन्यातली दुपार, घाटातला एकाकी मार्ग. एका वाघिणीचे चाक तापल्याचा संशय आला म्हणून गाडी थांबवली आणि हे तपासायला खाली उतरले. तेव्हा वॉकीटॉकी नव्हते. तपासणी चालू असतानाच गाडी हलली. ड्रायव्हरने मागे वळून पाहिले होते. रुळापलीकडच्या शेतात कोणा बाईने हिरवे लुगडे वाळत घातले होते, ते वाऱ्याने हलले. ड्रायव्हरला हिरवे दिसले. तो निघाला.

"हिरवं दिसलं म्हणून निघाला," साहेब म्हणाले. "हिरवं काय हाये, हे पायलं नाही."

"मग?"

"मंग काय. नऊ किलोमीटर चाललो. रुळातून, भर उन्हात. पाय भाजले, त्याचं काही नाही. पुढच्या स्टेशनावर पोचलो तं गाडी उभी होती. ड्रायवर झाडाखाली डबा खाऊन राहिला होता. मले पाहून म्हणते, या साहेब, जेवून घ्या. त्याले मालूमच नोहतं, का मी गाडीत नाही." त्यांनी बशी उपडी केली. "हे वाईट वाटलं. मांगं राहिलो त्याचं नाही. कोणाले पत्ता नाही, त्याचं."

मग ते उठले आणि मोजणीला गेले. मला त्या दिवशी त्यांचा राग आला नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा आला.

इंगोलेचा नंबर त्या मोजणीत नेहमी अडे. साहेब पुकारीत "सात", इंगोले म्हणे "हजर", आणि ते त्याच्या स्वतःच्या हेल्मेटबाहेरही येत नसे. साहेब पुन्हा "सात" म्हणत. तीन-तीनदा. त्यावर उपाय म्हणून मी माझे "हजर" झाल्यावर लगेच त्याचेही म्हणून टाकू लागलो. इंगोले माझ्या मागेच उभा असे, कृतज्ञतेने हसे. साहेबांनी एकदा टोकले होते, "सातानं सोता बोलावं." पण पुढे ते उतरून येत आणि इंगोलेच्या सीटवर हात ठेवीत, म्हणून त्यांनी ते फार लावून धरले नाही. दोन-अडीच वर्षे मी इंगोलेचा आवाज होतो. मला ती परोपकाराची गोष्ट वाटत होती.

गेल्या फाल्गुनात आम्ही पातालकोटला गेलो. सातपुड्यात जमिनीला मोठी भेग पडावी तशी ती दरी आहे. वर सपाट माळ, आणि एकदम खाली हजार-दीड हजार फुटांवर गावे, शेते, ओढे. नागपूरहून एका दिवसात जाऊन यायचे तर घड्याळाशी भांडावे लागते. आम्ही पहाटे चारला निघालो. सावनेर सोडल्यावर उजाडू लागले. पळस इतका फुलला होता की चोपडेने त्याच्यापुढे गाडी थांबवून फोटो काढून घेतले. सगळे फोटो चोपडेचे होते, पळस मागे होता.

सौंसरला चहाला थांबलो तोवर निघतानाची धरून दोन मोजण्या झाल्या होत्या आणि आम्ही अर्धा तास मागे पडलो होतो. चोपडेने कप खाली ठेवला.

"साहेब, एक बोलतो. वाईट मानू नका. हे मालगाडी नोहे."

साहेबांनी घड्याळ पाहिले.

"लोकं कंटाळून राहिले. मी एकटा नाही म्हणत, सगळे म्हणून राहिले. आज दूर जायचं हाये. जेवणापर्यंत एकच मोजणी करा, दरीच्या तोंडाशी. खाली नाही, मधात नाही. अन् ते चालत येणं, हात लावणं, ते राहू द्या. नाहीतं मंग पुढच्या राईडपासून आपण बिना गार्डचे जाऊ."

साहेबांनी एकेकाकडे पाहिले. नऊ प्रौढ माणसे आपापल्या कपात बघत होती. त्यांत मी होतो. तो एक क्षण मला अजून आठवतो, कारण त्यात माझा काही दोष नव्हता असे म्हणणे फार सोपे आहे. मी एक शब्दही बोललो नाही.

"बरं," साहेब म्हणाले.

ते हो म्हणतील असे चोपडेलाही वाटले नव्हते. गटात येण्याआधी साहेबांच्या निवृत्तीची पहिली दोन वर्षे कशी गेली, हे मालतीबाईंनी मला सांगितले होते. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते दारात खुर्ची टाकून बसत आणि संध्याकाळी उठत. त्या रविवारी सौंसरच्या टपरीवर त्यांच्यापुढे ती खुर्ची होती.

राईड उत्तम झाली, हे कबूल केले पाहिजे. सिल्लेवानीचा घाट आम्ही न थांबता चढलो. छिंदवाड्याला पोहे खाल्ले, मोजणीविना. तामिया सोडल्यावर अरुंद डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना मोह, पानगळ झालेले डोंगर. एका ठिकाणी रस्त्याला पाटी नसलेला फाटा फुटतो. पुढचे उजवीकडे गेले, मीही गेलो. इंगोलेची गाडी हळू, तो माझ्यापेक्षा बराच मागे होता. साहेब त्याच्याही मागे, एका वळणाच्या अंतरावर.

दरीच्या तोंडाशी एक चहाची टपरी आहे. तिथे दोन-तीन जीप उभ्या होत्या, पर्यटकांची गर्दी होती. आम्ही गर्दीत जागा मिळेल तशा गाड्या लावल्या. साहेब आले आणि मागेच थांबले. हेल्मेट न काढता, गाडीवरून न उतरता त्यांनी पुकारायला सुरुवात केली. चारपर्यंत झाले.

"पाच."

"हजर."

"सहा."

"हजर," मी म्हटले.

"सात."

"हजर," मी म्हटले.

इंगोले जीपच्या पलीकडे असेल असे मी धरून चाललो होतो. धरून चाललो होतो, हेसुद्धा जास्तच झाले. मी काही विचार केलाच नव्हता. साहेबांनी पुढचे नंबर पुकारले, हिरवा झेंडा काढला, दाखवला. आम्ही दरीत उतरलो आणि दोन तास पांगलो. कोणी ओढ्यावर, कोणी गावात. चोपडेने आकाशात कॅमेरा उडवला.

तामियात जेवायला परत आलो तेव्हा एक वाजला होता. वेटरने ताटे मांडली आणि एक ताट उरले.

"इंगोले कुठंय?" कोणीतरी म्हणाले.

फोन लागत नव्हता. चोपडे म्हणाला, "गेला असन वापस. त्याची गाडी हळू चालते, आधीच निघाला असन."

साहेब उभे राहिले होते. त्यांनी कोणालाही काही विचारले नाही. "सात कोण बोललं" हा प्रश्न येणार असे धरून मी उत्तर तयार ठेवले होते. तो आलाच नाही. ते हेल्मेट घालत म्हणाले, "तुम्ही जेवा. मी पाहून येतो." मी मागोमाग निघालो. त्यांनी मला थांबवले नाही, चला असेही म्हटले नाही.

त्या दिवशी मी प्रथमच त्यांच्या मागे गाडी चालवली. पुढे चालणारा माणूस म्हणून ते अत्यंत वाईट होते. ताशी तीस किलोमीटर. प्रत्येक वळणावर थांबायचे, कठड्याशी जायचे, खाली पाहायचे, शिट्टी फुंकायची आणि इंजिन बंद करून ऐकायचे. मलाही बंद करायला लावीत. उन्हात तापलेल्या दगडांतून शिट्टी फिरून परत येई आणि मग काही नाही. फाट्यापाशी ते डावीकडे वळले. दुसऱ्या वळणावर त्यांनी शिट्टी फुंकली, आम्ही थांबलो, आणि खालून मोटरसायकलचा हॉर्न वाजला. बारीक, तुटका.

इंगोले मोहाच्या सावलीत पाय पसरून बसला होता. वळणावर बारीक खडी होती, तीवर गाडी घसरली होती. गाडी चरात आडवी, डावा खांदा विचित्र खाली आलेला, चेहरा राखेसारखा. शेजारी पाड्यावरची एक म्हातारी बसली होती. तिने त्याला पाणी पाजले होते आणि हॉर्न तिनेच दाबला होता. आम्हाला पाहून ती रागावून बोलू लागली.

"कब से बैठा है ये आदमी। दो बार जीप आई, मैंने कहा, बैठ जा, अस्पताल ले जाएँगे। नहीं बोलता है। कहता है, गार्ड आएगा।"

साहेब गुडघ्यावर बसले. इंगोले काही पुटपुटला, मला ऐकू आले नाही. साहेबांनी त्याच्या तोंडाशी कान नेला. मग माझा दुपट्टा मागून घेतला आणि त्याचा हात गळ्यात बांधू लागले.

"काय म्हणाला?" मी विचारले.

"म्हणते, नियम पाळला. जागा सोडली नाही." त्यांनी गाठ मारली. "म्हणते, मोजलं का तुम्हाले समजनच, म्हणून थांबलो."

म्हातारी अजून मलाच पाहत होती, जणू तिला कोणी सांगितले होते.

त्यानंतरचे सगळे व्यवस्थित झाले. साहेबांनी तांबडा झेंडा आडवा धरून एक जीप थांबवली. छिंदवाड्याच्या दवाखान्यात खांद्याचे हाड मोडल्याचे कळले, बाकी धोका नव्हता. चोपडेने नागपूरहून गाडी मागवली आणि इंगोलेला घरापर्यंत स्वतः नेले, हेही लिहायला हवे. सात कोण बोलले हे कोणीच विचारले नाही. गटात सगळ्यांना वाटत होते की साहेबांची मोजणी चुकली. वय झाले, असे दोघे-तिघे हळहळून म्हणालेसुद्धा. मी आठ दिवस ते ऐकले.

नवव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. अजनीच्या पलीकडे, दोन खोल्या आणि पुढे ओटा. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून दारात खुर्चीवर बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आत गेले, कागद, कार्बन आणि बॉलपेन घेऊन आले.

"लिहा."

"काय?"

"जबाब. दोन प्रती."

मी लिहिला. ग्रंथपाल असल्याने मला वाटत होते की आपल्याला लिहिता येते. साहेबांनी पेन्सिल घेऊन तो वाचला.

"'बहुधा' काढा. जबाबात बहुधा नसते." पुढे वाचले. "अन् हे 'मला अतिशय अपराधी वाटत आहे', हे काहून लिहिलं? हे कोणी इचारलं?"

"वाटतं म्हणून लिहिलं."

"वाटते ते घरी ठेवा. काय झालं ते लिहा."

तीनदा लिहून घेतला. आतून मालतीबाई म्हणाल्या, "अवो, त्याईले च्या तरी घेऊ द्या आधी." साहेब म्हणाले, "सही झाल्यावर." मी सही केली. इतक्या खऱ्या अपराधाची इतकी कंटाळवाणी शिक्षा कोणी शोधून काढली नसेल. पश्चात्ताप करायला आलेल्या माणसाला शुद्धलेखनात अडकवून ठेवले होते.

मग त्यांनी खुर्चीखालून एक फाईल काढली आणि त्यातला कागद माझ्यापुढे धरला. त्यांच्या स्वतःच्या हातचा जबाब. तारीख राईडच्याच दिवसाची.

'सात नंबर पुकारला असता सहा नंबरने आवाज दिला. आवाज सहाचा आहे हे मला ओळखू आले. मी गाडीवरून उतरलो नाही. झेंडा दाखवला.'

मी तो दोनदा वाचला.

"तुम्हाला कळलं होतं?"

"तुमचा आवाज मले नाही समजणार? अडीच वर्षापासून आयकून राहिलो."

"मग उतरला का नाहीत?"

त्यांनी रस्त्याकडे तोंड केले. रस्त्यावरून एक भाजीवाला गेला, त्यालाही ते पाहत होते असे नाही.

"सौंसरले तुम्ही सगळे कपात पाहून राहिले होते," ते म्हणाले. "म्हटलं, एक दिवस लोकाईच्या मनासारखं करून पाहू. गटात ठेवतीन मंग."

मालतीबाईंनी चहा आणला. 

"चोपडे येऊन गेले काल," साहेब पुढे म्हणाले. "म्हणते, साहेब, तुम्हीच पायजे. दहा खेपा मोजा, हात लावा, कोणी काही म्हणणार नाही. मी नाही म्हटलं."

"काहून?" माझ्या तोंडून त्यांच्याच बोलीत निघाले.

"मोजणारा एकदा लोकाईचं तोंड पाहून मोजते, तं मंग त्याची मोजणी कामाची नसते. हे मी दुसऱ्या गार्डाले सांगितलं असतं, तं मले बी सांगावं लागन."

मी खूप बोललो. इंगोले बरा आहे, चूक माझी होती, हे मी गटाला सांगतो. त्यांनी माझे सगळे बोलणे संपू दिले आणि दोन्ही जबाब फाईलमध्ये घातले. हे आता कोणाकडे पाठवायचे, असे मी विचारले.

"कोणाकडे नाही. असावं."

मी गटाला सांगितले. त्याचा उपयोग झाला नाही. लोक म्हणाले, जाऊ द्या सर, होते असं. साहेब परत आले नाहीत. पुढच्या राईडला चोपडे पुढे होता. त्याने दोन ठिकाणी मोजून पाहिले, तिसऱ्या ठिकाणी विसरला. मी तिसऱ्या ठिकाणाहून परत फिरलो. ते कोणाच्या लक्षात आले नाही.

साहेबांना मी शेवटचे पाहिले ते श्रावणात, अजनी चौकातल्या सिग्नलवर, सकाळी साडेदहाला. ते इंगोलेच्या गाडीवर मागे बसले होते. इंगोलेचा खांदा भरून आला होता. तो आठवड्यातून दोनदा साहेबांना घेऊन कुठे कुठे जातो हे मला मागाहून कळले. साहेब त्याच्या कानाशी वाकून काहीतरी समजावत होते. एक बोट रस्त्याकडे, मग आरशाकडे, मग पुन्हा रस्त्याकडे. हिरवा दिवा लागला. इंगोले मान तिरकी करून ऐकत राहिला. साहेबांचे सांगणे व्हायचे होते. मागून हॉर्न सुरू झाले. एक ऑटोवाला म्हणाला, "चलो ना बे, सभा लगी है क्या?" इंगोलेने मागे पाहिले नाही. साहेबांनी मुद्दा संपवला, बहुधा दुसरा काढला. दिवा पिवळा झाला, तांबडा झाला, आणि आम्ही सगळे होतो तिथेच राहिलो.

मला कॉलेजला उशीर होत होता. मी गाडीचे इंजिन बंद केले.